एकाच खुर्चीचा स्टिरिओ

नव्या फ्लॅटमध्ये येऊन दीड महिना झाला तरी स्पीकर खोक्यातच पडून होते. मागच्या शनिवारी म्हटलं, आज काहीही झालं तरी लावायचेच. जागा मिळेल तिथे लावले. एक टीव्हीच्या डावीकडे पुस्तकांच्या कपाटावर आणि दुसरा उजवीकडे पार कोपऱ्यात, वेताच्या खुर्चीमागे. मोठ्या हौसेने सोफ्याच्या उजव्या टोकाला (माझी नेहमीची जागा) बसून गाणं लावलं, तर गाणारी बाई थेट त्या वेताच्या खुर्चीमागे जाऊन बसली. तबलाही तिथेच, तानपुराही तिथेच. डावा स्पीकर नुसता शोभेला.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे पहिला संशय सॉफ्टवेअरवर. बॅलन्स बघितला, बरोबर मध्ये. फाइल बदलली, वायरी अदलाबदल केल्या, शेवटी डाव्या स्पीकरला कान लावला. व्यवस्थित वाजत होता. बायको म्हणाली, "अरे, दोन्हीतून आवाज येतोय ना? मग झालं तर." मुद्दा बिनतोड होता, पण गाणारी बाई काही कोपरा सोडेना. मग पाणी प्यायला उठलो आणि परत येताना सहज सोफ्याच्या मधोमध टेकलो. बाई झटकन उठून दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली! जिथे भिंतीवर फक्त कालनिर्णय टांगलंय, तिथून आवाज. मी उजवीकडे सरकलो की परत कोपऱ्यात.

शनिवार-रविवार त्यातच गेला. स्पीकर हलवण्यात कमी आणि वाचण्यात जास्त. कालनिर्णयातून आवाज का येतो, या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला तरी अजिबात माहीत नव्हता.

सुरुवात कानापासून करायला हवी. डोळ्यावर जगाचं चित्र उमटतं, त्यात डावं-उजवं आपोआप येतं. कानाच्या पडद्याला असं काही कळत नाही. तो नुसता आत-बाहेर हलतो. मग आवाज कुठून आला हे कळतं कसं? इंग्लंडमधल्या लॉर्ड रेले या शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात हा प्रश्न अगदी घरगुती पद्धतीने हाताळला. एसेक्समध्ये टर्लिंगला त्याची वाडवडिलांची इस्टेट होती. तिथल्या हिरवळीवर हा गृहस्थ डोळे मिटून उभा राहायचा आणि त्याचे मदतनीस भोवती उभे राहून बोलायचे. माणसाचा आवाज कुठून आला हे त्याला सहज सांगता यायचं. पण ट्यूनिंग फोर्कचा शुद्ध स्वर असला की डावं-उजवं कळायचं आणि पुढे-मागे यात मात्र घोटाळा व्हायचा.

पहिलं उत्तर सोपं होतं. डावीकडून आवाज आला की उजव्या कानावर डोक्याची सावली पडते, तिथे आवाज कमी पोचतो. पण खर्जातल्या स्वरांचं काय? २५६ हर्ट्झच्या स्वराची लाट सव्वा मीटरहून लांब असते, ती एवढ्याशा डोक्याला वळसा घालून आरामात पलीकडे जाते, सावली पडतच नाही. तरी दिशा कळते. १९०७ साली रेलेने ते मान्य केलं आणि मांडलं, की खालच्या स्वरांसाठी मेंदू दोन कानांतला वेळेचा फरक पकडतो. हा फरक जास्तीत जास्त किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही दोन तृतीयांश. अनुकूल परिस्थितीत आपण त्यातला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकसुद्धा ओळखतो. आमच्या ऑफिसात सर्व्हर दोनशे मिलिसेकंदांत उत्तर देतो म्हणून पार्टी झाली होती. असो.

इथे वाचता वाचता मी जरा थांबलो. माझ्या बाबांचा उजवा कान चार वर्षांपूर्वी एका रात्रीत गेला. सकाळी उठले तर ऐकूच येईना. डावा ठणठणीत आहे, म्हणून आम्हा सगळ्यांच्या लेखी 'एका कानाने ऐकू येतं ना, मग ठीक आहे' असा हिशेब होता. गेल्या दिवाळीत ते साताऱ्याहून आले असताना कर्वे रोड ओलांडताना उजवीकडून स्कूटर हॉर्न वाजवत आली आणि बाबांनी डावीकडे मान वळवली. मी हात धरून ओढलं आणि भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो, "बाबा, बघा ना जरा!" ते काहीच बोलले नाहीत. कमी ऐकू येणं आणि कुठून ऐकू येतंय हे न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला रेलेसाहेबांनी सांगावं लागलं.

तर पुढे. रेलेचं कोडं अजून सुटायचं होतं, त्याआधीच पॅरिसमध्ये स्टिरिओ ऐकून झाला होता! १८८१ साली तिथे विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेने टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत ओढल्या. लोक रांगा लावून दोन्ही कानांना एकेक रिसिव्हर धरून ऑपेरा ऐकायचे. डाव्या कानाला डावीकडचा ट्रान्समीटर, उजव्याला उजवीकडचा. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की कानातही तो तसाच जायचा. त्या नोव्हेंबरात व्हिक्टर ह्यूगो नातवंडांना घेऊन हे ऐकायला गेला होता. पुढे १८९० मध्ये 'थिएट्रोफोन' नावाने याची रीतसर कंपनी निघाली आणि १९३२ पर्यंत चालली.

पण आदेरची पद्धत म्हणजे आजचा हेडफोन. एका कानाचा आवाज दुसऱ्या कानाला जातच नाही, खोलीचा प्रश्नच येत नाही. खरी गंमत स्पीकर आल्यावर सुरू झाली, कारण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो. तो थांबवणार कसा?

आणि इथे माझा या सगळ्या गोष्टीतला आवडता माणूस येतो. ॲलन ब्लुमलाइन, जन्म १९०३, लंडन. कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत इंजिनिअर. ही कंपनी १९३१ मध्ये विलीनीकरण होऊन ईएमआय झाली. त्याच वर्षी तो होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता. बोलपट तेव्हा नवीनच. पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे चाललाय आणि आवाज मात्र एकाच जागेवरून, एकाच स्पीकरमधून. डोरीनबाईंनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की त्याने सिनेमातच तिला हे लक्षात आलंय का म्हणून विचारलं आणि आवाज माणसाच्या मागे चालवायची युक्ती आपल्याला सुचली आहे असंही सांगून टाकलं. (सिनेमाला गेल्यावर नवऱ्याने असलं काही सुरू केलं की काय वाटतं ते आमच्या घरी विचारा.)

१४ डिसेंबर १९३१ ला त्याने पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५, त्यात तब्बल ७० दावे. अर्जाच्या वेळी त्याचं वय २८. स्टिरिओ हा शब्दही त्यात नाही, तो 'बायनॉरल' म्हणतो. पण मायक्रोफोन कसे ठेवायचे इथपासून रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे इथपर्यंत सगळं आहे. खाचेच्या दोन भिंती ४५-४५ अंशांत, एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा.

त्यातली मुख्य कल्पना समजायला मला रविवारची अख्खी सकाळ लागली. कागदावर दोन लाटा काढल्या तेव्हा उजेड पडला. समजा दोन्ही स्पीकरमधून तोच स्वर एकाच वेळी निघाला, फक्त डावा जरा मोठा आहे. डाव्या कानाला आधी मोठा आवाज पोचतो आणि किंचित उशिरा उजव्या स्पीकरचा लहान आवाज. उजव्या कानाचं उलट, आधी लहान आणि मग मोठा. आता प्रत्येक कानात या दोन लाटांची बेरीज करा. डाव्या कानातली बेरीज पुढे सरकते, उजव्या कानातली मागे पडते. म्हणजे स्पीकरमध्ये फरक होता फक्त मोठ्या-लहान आवाजाचा, पण कानात तयार झाला वेळेचा फरक, रेलेने सांगितला तोच. मेंदू म्हणतो, आवाज डावीकडून येतोय. उजव्या कानात गळणारा डाव्या स्पीकरचा आवाज ही अडचण नव्हतीच, सगळं काम तोच करत होता! ब्लुमलाइनने तो थांबवायचा प्रयत्नच केला नाही, उलट त्याच्याकडून काम करून घेतलं. इतका सुंदर हॅक मी कुठल्याच कोडमध्ये पाहिलेला नाही.

अट मात्र एक. ऐकणारा दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवा. गणितात ती गृहीतच धरलेली आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हार्वी फ्लेचर आणि मंडळी वेगळ्याच वाटेने निघाली होती. त्यांची कल्पना अशी, की वाद्यवृंदासमोर मायक्रोफोनचा जणू पडदाच टांगायचा आणि दुसऱ्या सभागृहात तेवढ्याच स्पीकरचा पडदा. मग इकडची लाट तिकडे जशीच्या तशी उभी राहील. शेकडो वायरी परवडणार नाहीत म्हणून कमी करत करत ते तीनवर आले. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये श्रोते तीन स्पीकरमधून तो ऐकत होते, टेलिफोनच्या तारांवरून. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये बटणं फिरवत बसला होता, वाद्यवृंद दुसऱ्याच्या हवाली करून. संगीताबरोबर एक सुताराचा प्रसंगही होता. फिलाडेल्फियाच्या रंगमंचावर एका बाजूला सुतार हातोडी-करवतीने खोकं बनवतोय आणि दुसऱ्या बाजूने त्याचा मदतनीस सल्ले देतोय. वॉशिंग्टनच्या लोकांना तो समोर रिकाम्या रंगमंचावर असल्यासारखा वाटला.

तीनच का? कारण सभागृहात सगळेच मधोमध बसत नाहीत. कडेला बसणाऱ्याचा गायक जवळच्या स्पीकरमध्ये पळून जाऊ नये म्हणून मधला खरा स्पीकर. सिनेमात आजही संवाद बहुतेक मधल्याच स्पीकरमधून येतात. म्हणजे गंमत बघा, ज्या तक्रारीवरून ब्लुमलाइनने सुरुवात केली, ती सिनेमाने त्याच्या पद्धतीने सोडवलीच नाही. पडद्यावरचा माणूस चालतो, आवाज बहुतेक वेळा मध्येच उभा असतो, आणि आपल्याला चालून जातं.

ब्लुमलाइनला मात्र आपली पद्धत चालते हे बघायला मिळालं. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडच्या नव्या स्टुडिओत थॉमस बीचमच्या हाताखाली मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम त्याने दोन चॅनलवर रेकॉर्ड केली. १९३५ मध्ये प्रयोगापुरत्या छोट्या फिल्म केल्या. एकीत हेज स्टेशनातून आगगाड्या जातात, एकीत माणसं बोलत बोलत इकडून तिकडे चालतात. आवाज त्यांच्या मागे चालतो! अगदी बायकोला सांगितलं होतं तसा. त्यानंतर कंपनीने त्याला टेलिव्हिजनच्या कामाला लावलं, स्टिरिओ कपाटात गेला. मग युद्ध आलं आणि तो रडारवर गेला. ७ जून १९४२ ला एचटूएस या विमानातल्या रडारची चाचणी घेताना हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि ते इंग्लंड-वेल्सच्या सीमेजवळ पडलं. अकराच्या अकरा जण गेले. इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता, असं पुढे तपासात निघालं. ब्लुमलाइन ३८ वर्षांचा होता, नावावर १२८ पेटंट. रडार गुप्त, म्हणून बातमीही गुप्त.

दुकानात स्टिरिओ रेकॉर्ड आली ती १९५७-५८ मध्ये. खाच तीच, ४५-४५ अंशांची. अमेरिकेत वेस्ट्रेक्स कंपनीने ती तयार केली, आणि मग लक्षात आलं की इंग्लंडमध्ये एकाने पंचवीस वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलंय.

आता खोली. या मंडळींच्या गणितात खोली जवळजवळ नाहीच. ते काम वेगळ्याच लोकांनी केलं. हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात इतका घुमारा होता की बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने काय करावं? शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि सकाळच्या आत उशा परत. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ, गुणिले ०.१६१, म्हणजे घुमारा किती सेकंद. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल या सूत्राच्या जोरावर बांधला.

आमच्या हॉलचं घनफळ साधारण ४८ घनमीटर. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत भिंती, काचेचा सरकता दरवाजा. रिकामा असताना ढोबळ हिशेबाने दोन सेकंदांच्या आसपास घुमारा निघतो. सोफा, पडदे आणि सतरंजी आल्यावर तो बराच खाली आला असणार, पण एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकं, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचं काही जुळत नाहीच.

आणि माझ्या कोपऱ्यातल्या बाईचं उत्तर? ते १९४९ मध्ये मिळालं, दोन ठिकाणी. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हासच्या प्रबंधात आणि अमेरिकेत वॉलॅक, न्यूमन, रोझेन्झ्वाइग यांच्या निबंधात. तोच आवाज दोन जागांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला तर मेंदू दोन आवाज ऐकतच नाही. एकच ऐकतो, आणि तोही जो आधी पोचला त्याच्या दिशेने. उशिरा आलेला आवाज त्यात विरून जातो. पाच ते तीस मिलिसेकंदांच्या उशिराने आलेला आवाज दहा डेसिबलने मोठा केला, तेव्हा कुठे हासच्या श्रोत्यांना तो पहिल्याच्या बरोबरीचा वाटला. मेंदूने हे का शिकून ठेवलंय ते उघड आहे. घरात, गुहेत, दाट झाडीत प्रत्येक आवाज भिंतींवरून दहा वेळा परत येतो. पहिल्यावर विश्वास ठेवला नाही तर वाघ दहा ठिकाणी दिसेल.

टेप घेऊन मोजलं. सोफ्याच्या उजव्या टोकापासून उजवा स्पीकर २.२ मीटर, डावा ३ मीटर. फरक ८० सेंटिमीटर, म्हणजे २.३ मिलिसेकंद. एका मिलिसेकंदापर्यंत ब्लुमलाइनची जादू कशीबशी तग धरते, त्यापुढे हासचा नियम चालतो. बॅलन्स डावीकडे ढकलूनही बाई नीट मध्ये येईना, नुसती धूसर होत होती, ते यामुळे. शिवाय कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज दोन भिंती आणि जमीन मिळून फुगवतात.

मग दुरुस्त्या. उजवा स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढला. दोन्ही भिंतीपासून हातभर पुढे आणि कानाच्या उंचीवर आणले. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण, बाजू सुमारे २.४ मीटर. बायकोने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत नेला आणि मी जागेवर बसून बघत राहिलो. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज उसळून माझ्याकडे येतो. एका बाजूला तिथे पुस्तकं निघाली, दुसऱ्या बाजूला काच. काचेवर पडदा ओढला आणि त्याच्यावर आजीची गोधडी टांगली. सॅबिनच्या उशा, आमची गोधडी. "पाहुणे आले की काढायची," या अटीवर मंजुरी मिळाली. गाणारी बाई आता कालनिर्णयाच्या किंचित पुढे उभी राहते, तबला तिच्या उजवीकडे हातभर.

पण ते फक्त एका जागेवरून, सोफ्याच्या मधल्या. शेजारी बसणाऱ्याला नाही. साठीच्या दशकात घराघरात आलेल्या रेडिओग्रामच्या लाकडी पेटीत दोन्ही स्पीकर हातभर अंतरावर असायचे, तिथे तर त्रिकोणाचा प्रश्नच नव्हता. बीटल्सचे सुरुवातीचे स्टिरिओ ऐका, आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या. ती सगळी मेहनत मोनोसाठी होती. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'च्या सत्तर एमएम खेळात नाणं पडल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं जुने लोक अजून सांगतात. थिएटरमध्ये चहूकडे स्पीकर होते, म्हणून ते जमलं.

रविवारी संध्याकाळी बाबा आले. मी त्यांना मुद्दाम त्या मधल्या जागेवर बसवलं, त्यांच्या आवडीचं गाणं लावलं आणि उत्साहाच्या भरात विचारलं, "बाबा, आवाज कुठून येतोय असं वाटतं?" विचारल्याक्षणी चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता.

बाबा हसले. "मला सगळं डावीकडूनच येतं रे. तू हाक मारलीस तरी."

दिवाळीतल्या त्या ओरडण्याबद्दल मी तेव्हा बोललो. ते म्हणाले, "मला काय माहीत, मला वाटलं वयामुळे होतं." मग उठून त्यांनी वेताची खुर्ची ओढली, तोंड खिडकीकडे आणि डावा कान स्पीकरकडे करून बसले आणि पेपर उघडला. मी ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं, म्हणजे निदान उजव्या चॅनलमधलं काही त्यांच्या वाट्याचं राहायला नको. गाणं संपेपर्यंत पेपरचं पान काही उलटलं नाही.